परगावचा गावकर

गेल्या खेपेला मंडळाच्या बैठकीत एका सभासदांनी प्रश्न विचारला. तीन पिढ्या मुंबईत किंवा बेळगावात काढलेला माणूस स्वतःला अमक्या गावचा गावकर म्हणवतो, ते नुसतं म्हणण्यापुरतं, की त्याला काही कायदेशीर बूड आहे? उत्तर द्यायला मी उठलो, पण दहा मिनिटांत चहा आला आणि मला बसावं लागलं. राहिलेलं उत्तर इथे लिहितो. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि थोडा माझ्या अपराधाचाही आहे. तो भाग शेवटी येईल.

आधी माझी ओळख. मी इतिहासाचा पदवीधर नाही. चोवीस वर्षं वडोदऱ्याच्या एका कारखान्यात पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यात काढली, मग गोव्यात परत आलो. पोर्तुगीज कागद शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला शिकलो, अजूनही तसाच वाचतो. आमचं मूळ गाव तिसवाडीत, झुवारीच्या काठी. गावाचं नाव देत नाही, कारण ज्या तंट्याबद्दल पुढे लिहिणार आहे तो अजून मिटलेला नाही.

तर बुडाबद्दल. 'गावकर' हा गोव्यात नुसता रहिवासी नव्हे. गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांतला पुरुष तो गावकर. ह्या घराण्यांची मिळून गावकरी. पोर्तुगिजांनी तिला 'कोमुनिदाद' म्हटलं आणि आज कागदोपत्री तेच नाव चालतं. ही संस्था पोर्तुगिजांनी काढली असा एक समज आहे, तो चुकीचा. आफोंसो मेशिया याने १५२६ साली जे 'फोराल' तयार केलं ते मुळात चालू असलेल्या रिवाजांचं टिपण होतं. म्हणजे रिवाज त्याआधीचे. गावाची जमीन एकट्यादुकट्याची नसे, गावकरीची असे. शेतं ठरावीक मुदतीने लिलावात खंडाने द्यायची, आलेल्या पैशातून सरकारचा भरणा, बांधबंदिस्ती, देवळाचा खर्च, गावच्या सेवेकऱ्यांचं देणं भागवायचं, आणि उरेल ते गावकरांमध्ये वाटायचं. ह्या वाटपाला म्हणतात 'झोन'.

आता गंमत बघा. झोन मिळण्यासाठी गावात राहावं लागत नाही. गावकराच्या पोटी जन्म घ्यावा लागतो आणि वहीत नाव घालावं लागतं. त्यामुळे कराचीला गेलेला, नैरोबीला गेलेला, मुंबईच्या गिरणीत गेलेला, सगळे गावकरच राहिले. मुलगा झाला की गावी कळवायचं, वेळ आली की त्याचं नाव चढवायचं. माझ्या वडिलांनी हे केलं आणि त्यांनी माझ्यासाठी केलं. मुलींचं नाव चढत नाही. माझी बहीण ह्या विषयावर माझ्याशी दरवर्षी भांडते आणि तिच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही. मला पहिला झोन मिळाला त्या रकमेत तेव्हा पणजीत दोघांचं साधं जेवण झालं असतं. तरी वडिलांनी ते पैसे खर्चू दिले नाहीत, देवापुढे ठेवले. रक्कम महत्त्वाची नव्हती, वहीतलं नाव महत्त्वाचं होतं.

एका बाजूला ही वही आणि दुसऱ्या बाजूला दुसरी वही, देवळाची. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, सासष्टीतली देवळं पाडली गेली. सासष्टीत हा प्रकार १५६७ च्या सुमारास झाला. लोकांनी देव उचलले आणि झुवारीपलीकडे आदिलशाहीच्या मुलखात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, मडगावचा दामोदर जांबावलीला. फोंडे महाल पोर्तुगिजांकडे आला तो १७६३ नंतर, तोवर जबरदस्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून ही देवळं वाचली. म्हणजे आपल्याकडे माणसांच्या आधी देवच परगावी गेले असं म्हटलं तरी चालेल. मडगावकर अजून शिमग्याच्या सुमाराला आठवडाभर जांबावलीला बिऱ्हाड हलवतात, गुलाल खेळतात आणि परत येतात. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला राहते आणि वर्षातून एकदा छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या मूळ जागी येते. त्या मिरवणुकीच्या मानकऱ्यांच्या घराण्यांत आजचे ख्रिस्ती गावकरही आहेत, हे मुद्दाम सांगतो.

ह्या देवळांचे भागीदार ते महाजन. १८८६ साली पोर्तुगीज सरकारने महाजनक्यांसाठी नियमावली केली, १९३३ साली ती बदलून नवी आणली, आणि ढोबळमानाने आजही देवस्थानांचा कारभार त्याच चौकटीत चालतो. महाजनांची यादी ठेवायची, दर तीन वर्षांनी समिती निवडायची: अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार, सचिव. 'मुखत्यार' हा शब्द महाराष्ट्रातल्या वाचकांना जुन्या दप्तरातला वाटेल, आमच्याकडे तो देवळाच्या नोटीस फलकावर रोज दिसतो. निवडणुकीच्या दिवशी मुंबई, पुणे, बेळगाव, हुबळीच्या गाड्या देवळापुढे उभ्या राहतात. वर्षभर अभिषेकाची पावती टपालाने मागवणारे त्या दिवशी स्वतः येतात, मत देतात, प्रसादाचं जेवतात, आणि संध्याकाळी निघतात.

ह्या दोन वह्या झाल्या. तिसरी गोष्ट वही नव्हे, खोली. कोकणीत खोलीला 'कूड' म्हणतात. मुंबईत धोबीतलाव, माझगाव, डाबूल ह्या भागांत गोव्याच्या ख्रिस्ती गावांनी एकेक कूड भाड्याने घेतली. कूड गावाची, आत येणारा त्याच गावचा. बोटीवर खलाशी किंवा स्वयंपाकी म्हणून जाणाऱ्या माणसाला दोन सफरींच्या मधे पडून राहायला जागा हवी असे. तिथे भिंतीला लावून ट्रंका, जमिनीवर चटई, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. वर्गणी नाममात्र. नियम मात्र कडक: प्रार्थनेला गैरहजर राहिलं किंवा दारू पिऊन दंगा केला की दंड. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत एका छपराखाली अनेक गावांच्या कुडी होत्या, काही अजून आहेत. एका जिन्यावर दहा गावं! काही गावांच्या दोन कुडी असत, कारण जात ट्रंकेबरोबर मुंबईला आली होती. हे झाकण्यात अर्थ नाही.

कूड ही नुसती धर्मशाळा नव्हती. गावच्या फेस्ताची वर्गणी इथे जमे, चॅपेलच्या दुरुस्तीचे पैसे इथून जात, कुणी वारलं की दफनाचा खर्च निघे, आणि गावात कुणाचं कुणाशी बिनसलं आहे ते इथे आधी कळे. कोकणीतलं पहिलं नियतकालिक 'उदेंतेचें साळोक' १८८९ साली पुण्यातून निघालं, आणि पहिला कोकणी तियात्र 'इटालियन भुरगो' १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. गोव्याच्या भाषेचे दोन मोठे टप्पे गोव्याबाहेर पडले ते उगाच नाही. पैसा, छापखाना आणि चार माणसं एकत्र बसायची मोकळीक तिकडे होती.

हिंदूंच्या बाजूला कुडीसारखी घट्ट व्यवस्था नव्हती. गिरगावच्या चाळीत एखाद्या मामाची खोली, तिच्यात सात भाचे, असा प्रकार. पण १९१९ साली मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन निघाली. महाराष्ट्राला ती 'रायगडाला जेव्हा जाग येते' आणि 'नटसम्राट' यांची निर्माती म्हणून माहीत आहे. गोव्यातल्या लोकांना ती बांदिवड्याच्या 'स्नेहमंदिर' वृद्धाश्रमामुळे माहीत आहे. नाटकाच्या तिकिटातून उभी राहिलेली संस्था शेवटी गावाकडच्या म्हाताऱ्यांपाशी येऊन थांबली, हे मला फार बोलकं वाटतं. पोरं तिकडे गेली म्हणूनच इकडे म्हाताऱ्यांना आश्रम लागला, हेही त्यातच आलं.

हे सगळे धागे एकदा ताडकन तुटले होते. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली. रेल्वे बंद, सीमा बंद, पैसे पाठवणं मुश्कील, जायला-यायला परवाना. मुंबईतल्या मुलाला इकडे आजारी पडलेल्या आईचं तोंड बघता येईना. मुक्तीपर्यंत, म्हणजे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, ही स्थिती कमीजास्त राहिली. माझे वडील त्या काळात मुंबईत होते. आजोबा गेले ते त्यांना महिन्याभराने कळलं. पुढे आम्ही लहान असताना 'कोकण सेवक' बोटीने भाऊच्या धक्क्यावरून पणजीला यायचो. वडील रात्रभर कठड्याला टेकून उभे असायचे, झोपत नसत. तेव्हा मला वाटायचं त्यांना बोट लागते.

आता मूळ मुद्द्याकडे. वहीतलं नाव, यादीतलं नाव, कुडीतली ट्रंक, ह्यांनी माणूस गावाशी बांधलेला राहतो हे खरं. पण गावाचं काही अडलं तर ह्या दोऱ्या कामाला येतात का? इथे मला इंजिनियर म्हणून बोलावं लागेल.

आमच्या गावची अर्धी शेती खाजनाची आहे. खाजन म्हणजे नदीच्या खाडीतून बांध घालून मिळवलेली जमीन, भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर आहे. बाहेरचा बांध चिऱ्याचा आणि चिखलाचा, नदीच्या अंगाला खारफुटी लाटांचा मार खाते. बांधात 'मानस' असते: लाकडी झडपांचं दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि शेतातलं जादा पाणी नदीत जातं. ना मोटर, ना वीज. आमच्या कारखान्यात ह्याच तत्त्वावर चालणारा एकदिशा व्हॉल्व्ह आम्ही अभिमानाने विकायचो. आमच्या पूर्वजांनी तो फणसाच्या नाहीतर माटीच्या फळ्यांचा केला होता की आणखी कशाच्या, ते सुतार सांगतील, पण तो चालत होता शतकानुशतकं. थोडं खारं पाणी चालणारा 'कोरगूट' भात पावसाळ्यात, आणि मानशीपाशी जाळं लावून मासळी. मानशीच्या मासळीचा लिलाव होई, त्या पैशात बांधाची डागडुजी निघे.

ह्या यंत्राला एकच अट आहे: कुणीतरी रोज तिथे असलं पाहिजे. खेकडे बांधाला भोकं पाडतात. आज बोटाएवढं भोक, पुढच्या उधाणाला हाताएवढं, त्याच्या पुढच्याला माणूस आत जाईल एवढं. बोटाएवढं असताना चिखलाचा एक गोळा पुरतो.

पूर्वी हे बघणं गावकरीचं काम, कारण शेतं तिची, खंड तिचा, झोन तिचा. बांध फुटला तर मुंबईतल्या गावकराचाही झोन बुडायचा, म्हणून त्यालाही बांधाची काळजी. १९६४ साली कूळकायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला. जो पिढ्यानपिढ्या कमरेएवढ्या चिखलात उभा राहिला त्याला जमीन मिळाली, त्यात वावगं काही नाही. आम्ही गावकर लोक त्यावर अजून कुरकुरतो, पण चिखलात कोण उतरत होतं हे आम्हाला माहीत आहे. बांध आता कुळांच्या संघटनेकडे गेला. गावकरीकडे उरल्या मोकळ्या जागा, डोंगर आणि वह्या. परगावच्या गावकराचं पोट आणि बांध यांचा संबंध सुटला, तो असा.

मग कुळांची मुलंही परगावी गेली. आधी आखातात, आता इंग्लंडात. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्याला आणि त्याच्या वंशजांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, ही वाट अनेकांनी धरली. स्विंडनमध्ये आज आमच्या तालुक्याची माणसं भेटतात. शेत पडीक राहिलं. शेत पडीक असलं की खारं पाणी आत आलं काय नि न आलं काय, तक्रार करायला कुणी नाही. आणि मानशीचा लिलाव घेणाऱ्याला तर पाणी आत हवंच असतं: झडप थोडी वर बांधून ठेवली की भरतीबरोबर कोळंबी आत येते. तो काही खलनायक नाही. लिलावाची रक्कम चढत गेली, ती वसूल करायची तर त्याला दुसरा उपाय नाही. पण झडप उघडी, पाण्याचा वेग दुप्पट, दोन्ही बाजूंचा बांध पोखरला जातो. साधं गणित आहे.

घरांचंही तेच. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा, वारस सगळे, वारसांच्या बायका-नवरेही सहीचे धनी. आमच्या वाड्यावरच्या एका घराची कौलं शाकारायची तर चार देशांतल्या चौदा सह्या हव्यात. सही मिळेपर्यंत वासा पडतो.

आणि आता तो अपराध. मी वडोदऱ्याला असताना परगावच्या गावकरांनी एकत्र यायचं ठरवलं. मुंबईचे, पुण्याचे, आम्ही दोघे-तिघे गुजरातेतले, आखातातले काही. गावासाठी काहीतरी करायचं. चुलतभावाने गावातून पत्र लिहिलं: मानशीच्या दक्षिणेला बांध खचलाय, संघटनेकडे पैसे नाहीत, सरकारी मंजुरीला वेळ लागेल, तुम्ही निम्मा भार उचला. दुसरा प्रस्ताव देवळाच्या नव्या सभामंडपाचा होता. बैठक मुंबईत झाली. मी तिथे एकटाच इंजिनियर. मला विचारलं गेलं, बांधाचं तातडीचं आहे का? मी बांध बघितला होता तो चार वर्षांपूर्वी, मे महिन्यात, लांबून. म्हणालो, बांध सरकारचं काम आहे, आपण पैसे घातले तर सरकार कायमचं अंग काढून घेईल. वाक्य ऐकायला शहाणपणाचं होतं. सभामंडपाच्या बाजूने हात वर गेले, त्यात माझाही. खरं कारण सांगतो. सभामंडपात देणगीदारांच्या नावांची फरशी बसणार होती. बांधावर नाव कुठे लिहिणार?

दोन पावसाळे गेले. भाद्रपदातल्या अमावस्येच्या उधाणाला बांध फुटला. मी गेलो तेव्हा खिंडार आठ-नऊ मीटरचं झालं होतं आणि पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करत होतं. प्रत्येक फेरीला कडा थोडी झिजते, म्हणून फुटलेला बांध जितका उशीर तितका महाग. भरायचा तर भांगाच्या दिवसांत, ओहोटीच्या चार-पाच तासांत, माणसं आणि माल आधीच काठावर तयार ठेवून. तेवढी माणसं गावात नव्हती. त्या वर्षीचं भात गेलं, त्यापुढच्या वर्षीचंही. खालच्या वाड्यावरच्या विहिरी मचूळ झाल्या.

देवळात नवीन फरशीवर उभा होतो. वहिनी घागर घेऊन वरच्या वाड्यावरून येत होती. थांबली, मंडपाकडे बघून म्हणाली, "बरो जाला हां, भावजी." बस, एवढंच. त्यात टोमणा होता की नव्हता हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

खिंडार पुढे सरकारी खर्चाने भरलं, आमच्या निम्म्या भाराच्या कितीतरी पट खर्चून. आतलं शेत अजून पूर्ण सुधारलेलं नाही. मीठ धुऊन निघायला काही पावसाळे लागतात, तेही कुणी पाणी खेळवत राहिलं तर. मानशीच्या लिलावावरून संघटना आणि गावकरी यांच्यात जो वाद लागला त्याचे कागद माझ्यापाशी आहेत, पण ते आज उघड करत नाही.

परत आल्यापासून मी गावकरीच्या सभांना जातो. मागच्या सभेला अकरा जण होतो. वहीत नावं त्याच्या कितीतरी पट. त्या अकरांत मी सर्वांत तरुण दुसरा. विषयपत्रिकेवर झोनवाटप, एक भाडेपट्टा आणि किरकोळ. बांध पत्रिकेवर नव्हता, कारण कायद्याने तो आमचा नाही. मी 'किरकोळ'मध्ये विषय काढला की परगावच्या सभासदांना दर उधाणाच्या आधी बांधाचे फोटो पाठवूया, आणि झोन नको असेल त्याने तो संघटनेच्या खात्यात वळता करायचं लिहून द्यावं. एकाने विचारलं, कुळांच्या खात्यात गावकराचा झोन? रिवाजात बसतं का? मी म्हटलं, १५२६ च्या टिपणात बांधाचा खर्च आधी आणि वाटप नंतर आहे. त्यावर पाच जण हो म्हणाले, चार नाही, दोघे चहा घ्यायला बाहेर गेले होते.

फोटो मीच काढतो, अमावस्या-पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, ओहोटीला. आतापर्यंत सात जणांनी झोन वळता करायची चिठ्ठी दिली आहे. त्यांतले तिघे कधी गावात राहिलेलेच नाहीत. गेल्या महिन्यात दक्षिणेच्या कोपऱ्यात खेकड्याचं एक भोक सापडलं, अंगठ्याएवढं. चुलतभावाने चिखलाने बुजवलं, मी छत्री धरली.